लागोसच्या मुलीला क्लाउडमध्ये करिअर करायचंय, सर्टिफिकेट की अजून काही?

पानगळ:
नमस्कार मंडळी. गेले पाच महिने मी ऑनलाइन एका नायजेरियन मुलीला शिकवतेय. घर लागोसचं, इलेक्ट्रिकल इंजिनिअर, आणि आता एनवायएससीसाठी इबादानला आहे, म्हणजे डिग्रीनंतर तिथे वर्षभर सक्तीची देशसेवा असते ती. लिनक्स आणि पायथन तिला आधीच येत होतं, टेराफॉर्म (कोड लिहून सर्व्हर उभे करायचं टूल) माझ्याकडे शिकली, आणि इतकी चिकाटी मी फार कमी जणांत बघितलीय, लाइट गेली की फोनवर डॉक्युमेंटेशन वाचत बसते आणि लाइट आली की तेच करून बघते. मी तिला सहज म्हणाले की एडब्ल्यूएसची, म्हणजे अ‍ॅमेझॉनच्या क्लाउडची (भाड्यानं मिळणारे सर्व्हर), सोल्युशन्स आर्किटेक्ट असोसिएट ही सर्टिफिकेटची परीक्षा देऊन टाक, तर गप्पच झाली. मग हिशोब केला. फी १५० डॉलर, डॉलरला साधारण १५०० नायरा धरले तरी सव्वादोन लाख, आणि एनवायएससीचा भत्ता महिन्याला ७७,००० नायरा. तीन महिने पोटाला काही न खाता! मला फार वाईट वाटलं की आधी हे डोक्यातच आलं नाही. तिथलं कोणाला माहीत आहे का? तिला नेमकं काय करायला सांगू?

दर्यावर्दी:
मी लागोसला सहा वर्षं होतो म्हणून सांगतो. पैसे जमले तरी भरायचे कसे हा वेगळा प्रश्न असतो. २०२२ च्या शेवटी तिथल्या बँकांनी नायरा कार्डावरचे परदेशी व्यवहार एकामागून एक बंद केले होते, नंतर काहींनी परत सुरू केले, पण मधल्या काळात पोरं व्हर्च्युअल डॉलर कार्डं काढून भागवायची. त्यात जून २०२३ मध्ये नायराचा दर बाजारावर मोकळा सोडला, ४६० च्या आसपास असलेला डॉलर पुढच्या वर्षी १५०० च्या घरात. म्हणजे क्लाउडचं बिल डॉलरमध्ये आणि खिसा नायरामध्ये, चुकून एखादं मशीन रात्रभर चालू राहिलं तर तिचा महिना बुडाला. तिला आधी बिलिंग अलार्म, म्हणजे बिल ठरावीक रकमेवर गेलं की येणारा इशारा, लावायला शिकवा, खरंच सांगतो, बाकी सगळं नंतर.

आणि २०२२ मध्ये प्राध्यापकांच्या संपामुळे सरकारी विद्यापीठं आठ महिने बंद होती. तिच्या डिग्रीला वर्ष जास्त लागलं असेल तर रेझ्युमे बघणाऱ्याला ती गॅप वाटते, तेव्हा एका ओळीत कारण लिहायला सांगा.

रात्रपाळी:
मी प्लॅटफॉर्म टीमसाठी (कंपनीचे सर्व्हर आणि क्लाउड सांभाळणारी टीम) इंटरव्ह्यू घेतो. सर्टिफिकेट थांबू दे. कुबर्नेटिस (अनेक मशीनवर अ‍ॅप चालवणारी आणि सांभाळणारी सिस्टीम) शिकायला क्लाउड अकाउंट लागतच नाही, लॅपटॉपवर काइंड किंवा मिनीक्यूब ही त्याची छोटी रूपं टाकली की झालं, रॅम ८ जीबी असली तरी छोटं क्लस्टर चालतं. त्यावर एखादं अ‍ॅप चढवायचं, मुद्दाम पाडायचं, का पडलं ते लिहायचं आणि सगळं गिटहबवर (कोड ठेवायची साइट) उघडं ठेवायचं. असं लिहिलेलं कोणी पाठवलं तर मी शेवटपर्यंत वाचतो.

दुसरं म्हणजे आउटरीची. तीन महिने रिमोट ओपन सोर्सचं काम, ७,००० डॉलर स्टायपेंड, वर्षातून दोनदा. निवडीआधी प्रोजेक्टमध्ये खरं योगदान द्यावं लागतं, त्यामुळे नाही निवडली तरी केलेलं काम तिच्या नावावर राहतं. आठवड्याला ३० तास लागतात, म्हणून एनवायएससी संपायच्या बेतानं अर्ज करू दे. आणि शी कोड आफ्रिका ही टेकमधल्या आफ्रिकन मुलींची संस्था नक्की सांगा, अडा ओयोम यांनी २०१६ मध्ये सुरू केलेली, तिथे तिच्याच वाटेवरून गेलेल्या मुली भेटतील, आपण कितीही शिकवलं तरी ते आपण देऊ शकत नाही.

सायलीचावेल:
थोडं वेगळं मत. रात्रपाळी शेवटपर्यंत वाचतात, पण त्यांच्याआधी एचआर असतो, आणि नाव-पत्ता परदेशी दिसला की ओळखीचा बॅज, म्हणजे असं सर्टिफिकेट, शोधला जातो. कम्युनिटी प्रोग्राममधून परीक्षेची सवलतीची व्हाउचर मिळतात, त्यावर लक्ष ठेवू दे, स्वतःच्या पैशानं नको.

बाकी तिला फुंके ओपेके यांच्याबद्दल सांगितलंत का? याही इलेक्ट्रिकल इंजिनिअर, अमेरिकेतली नोकरी सोडून नायजेरियात परतल्या आणि मेनवन ही कंपनी काढून पोर्तुगालहून लागोसपर्यंत जवळपास ७,००० किमी समुद्री केबल टाकली, २०१० मध्ये चालू झाली. २०२२ मध्ये इक्विनिक्स या अमेरिकन डेटा सेंटर कंपनीनं ती कंपनी ३२ कोटी डॉलरला घेतली. मार्च २०२४ मध्ये आयव्हरी कोस्टजवळ मेनवनसकट चार केबल एकदम तुटल्या आणि नायजेरियात बँकांपासून सगळ्यांचे हाल झाले, ज्यांच्याकडे दुसऱ्या केबलचा रस्ता होता ते तगले. तिला यावरच लिहायला सांगा ना, की माझी सर्व्हिस असती तर मी ट्रॅफिक कुठून वळवला असता. एसआरईच्या (सर्व्हिस बंद पडू नये हे बघणारे इंजिनिअर) इंटरव्ह्यूत हेच तर विचारतात.

पानगळ:
सगळ्यांचे मनापासून आभार. काल तिच्याशी तासभर बोलले. फुंके ओपेके तिला माझ्यापेक्षा जास्त माहीत निघाल्या, त्यांच्यामुळेच इलेक्ट्रिकल घेतलं म्हणाली. केबल तुटली त्या दिवशी ती हॉस्टेलवर होती, कुठल्या साइट उघडत होत्या आणि कुठल्या नाही हे तिनं तेव्हा वहीत लिहून ठेवलं होतं, ती वही आता शोधतेय. बिलिंग अलार्म लावून झाला, पाच डॉलरवर. @रात्रपाळी, तिचा लेख तयार झाला की एकदा नजर टाकाल का?

रात्रपाळी:
नक्की. वहीच्या पानांचे फोटोसुद्धा टाकायला सांगा.