मदत हवी आहे: घरच्या इंकजेटवर कृष्णधवल फोटो कधी हिरवा, कधी गुलाबी

नमस्कार मंडळी,

खानापूरजवळ गावी नवं घर बांधलंय, दिवाळीनंतर वास्तुशांत. पुढच्या सोप्यात आज्ज्याचे, पणजीचे, एक तालमीतल्या पोरांचा, असे नऊ जुने फोटो लावायचं ठरलंय. मूळ प्रतींना खानापूरच्या पावसानं ओल धरलीय, म्हणून ६०० डीपीआयनं (इंचाला ६०० ठिपके) स्कॅन करून गिंपमध्ये (फोटो सुधारायचं फुकट सॉफ्टवेअर) डाग काढले. इथपर्यंत सगळं बेस झालं. छापायला बसलो आणि घोडं पेंड खायला लागलं.

बेळगावात एका लॅबमधून एक फोटो छापून आणला होता. तो निळसर आला. विचारलं तर "ब्लॅक अँड व्हाइट असंच येतंय की हो" म्हणाले. मग हट्टाला पेटलो, म्हटलं घरीच करू.

प्रिंटर चार शायांचा, टँकवाला, पोरांच्या प्रोजेक्टसाठी घेतलेला. काळी शाई पिगमेंटची (बारीक कणांची), बाकी तीन डायच्या (विरघळलेल्या रंगाच्या). कागद खडेबाजारातला, १८० जीएसएम (जाडीचं माप) ग्लॉसी, पाकिटावर प्रोफाइलचं (त्या कागदावर रंग कसे छापायचे ती फाइल) नाव नाही.

ग्रेस्केल (नुसत्या करड्या छटांची) फाइल ग्लॉसी सेटिंगवर छापली. ट्यूबलाइटखाली आज्जा हिरवट दिसतो, तोच कागद अंगणात नेला की गुलाबी. आधी माझ्याच डोळ्यांवर शंका आली. बायकोला दाखवलं, शेजारच्या काकांना दाखवलं, तिघांचं एकमत. ड्रायव्हरमध्ये (प्रिंटर चालवणारं सॉफ्टवेअर) 'ग्रेस्केल'वर खूण केली तरी काही फरक नाही. मग कागदाचा प्रकार 'प्लेन पेपर' दिला. रंगाची झाक गेली, पण चेहरा रवाळ झाला आणि कोटावरून बोट फिरवलं तर काळं बोटाला आलं.

मोबाइलमधलं सेपियाचं बटणही दाबून बघितलं. आज्जा कुंद्यात (आपली बेळगावची तपकिरी मिठाई) बुडवून काढल्यासारखा दिसतो. कुंदा मला आवडतो, पण भिंतीवर नको.

मला मूळ फोटोंसारखा तपकिरी हवाय. कोटाचा काळा काळाच आहे, चेहऱ्यावर मात्र ऊब आहे. हा टोन फाइलमध्ये कसा आणायचा? आणि उजेड बदलला की रंग बदलतो त्याचं काय करायचं? नवा प्रिंटर घ्या हे उत्तर सोडून काहीही सांगा, वास्तुशांतीनं खिसा आधीच हलका केलाय.

प्रतिसाद १

निपाणीत आमचा स्टुडिओ होता, डार्करूममध्ये बरीच वर्षं हात पिवळे केलेत, म्हणून सांगतो.

तुमच्या प्रिंटरचा दोष नाही. पिगमेंटची काळी शाई ग्लॉसी कागदाच्या थरात मुरत नाही, वरच बसते, म्हणून ती बोटाला आली. ग्लॉसी निवडलं की असे बरेच ड्रायव्हर काळी बंद ठेवतात आणि निळसर, किरमिजी, पिवळी मिसळून करडा बनवतात. भिंगातून बघा, करड्या जागी रंगीत ठिपके दिसतील. ट्यूबच्या उजेडात सगळे रंग सारखे नसतात, उन्हात जवळजवळ सगळे असतात. तीन शायांचा तोल एका उजेडात जमला की दुसऱ्यात ढळतो.

म्हणून या प्रिंटरवर शुद्ध करड्याच्या मागे लागू नका. टोन मुद्दाम द्या. फोटो आधीच किंचित तपकिरी असला की थोडी इकडेतिकडे झालेली झाक डोळ्याला खुपत नाही.

फाइल आधी आरजीबी (लाल, हिरवा, निळा अशा तीन चॅनलची) करा. मग कर्व्हमध्ये (काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत छटा बदलायचा आलेख) निळ्या चॅनलचा मधला बिंदू १२८ वरून १२२ वर आणा, लालचा १३१ वर न्या. दोन्ही टोकांना हात लावायचा नाही, म्हणजे काळा काळा राहील आणि कागद पांढरा. बटणानं कुंदा होतो तो याचसाठी, ते वरपासून खालपर्यंत एकच रंग ओततं.

रंगाचं नियंत्रण एकाकडेच द्या, सॉफ्टवेअरकडे किंवा ड्रायव्हरकडे. दोघांनी हात घातला की फोटो लाल मारतो.

पूर्ण कागद वाया घालवू नका. चेहऱ्याचा तुकडा सहा वेगवेगळ्या कर्व्हनी एकाच ४×६ वर छापा. एक दिवस वाळू द्या, पावसाळ्यात दोन. आणि फोटो जिथं टांगणार तिथं, तिथल्याच दिव्याखाली बघा.

आता एक शंका. मूळ फोटोचा तपकिरी सगळीकडे सारखा आहे, की कडेला जास्त? सल्फाइडच्या टोनिंगमध्ये (रसायनानं फोटो तपकिरी करणं) आधी ब्लीच करावं लागे, ते उजळ भागात आधी लागतं. अर्धवट ब्लीच केलं की काळे तसेच राहून उजळ भाग तपकिरी होई. (वास कुजक्या अंड्यांचा, आई घरात घेत नसे.) पण डागासारखा पिवळेपणा असेल तर ते टोनिंग नव्हे, बहुधा धुण्यात राहिलेला हायपो (फोटो पक्का करायचं रसायन) आहे. पाण्याची टंचाई असली की असे फोटो खूप निघत.

प्रतिसाद २ (धागाकर्ता)

मनापासून आभार. भिंग लावलं, ठिपके दिसले, निळे-गुलाबी, रांगोळी सांडल्यासारखे. सहा तुकडे छापले. निळा ११६ ला परत कुंदा, १२२ बरोबर. सोप्यातल्या एलईडीखाली अजून जरा हिरवट वाटतो, पण 'आधी हिरवा' हे माहीत असल्यामुळेच दिसतो, पाहुण्यांना नाही दिसणार.

तुमची शंका खरी निघाली. कडा जास्त पिवळ्या आहेत आणि फेटाही. मी तो पिवळा जपून छापला होता, तर आई म्हणाली, "आज्ज्याचा फेटा पांढराफेक असायचा, हा कुणाचा घातलास?" आता कर्व्हच्या वरच्या भागात आणखी एक बिंदू ठेवून उजळ टोक सरळ केलंय.

कोट मात्र ग्लॉसीवर चॉकलेटी येतोय. मॅट कागदावर, ड्रायव्हरमध्येही मॅट निवडून, काळी शाई चालू होईल का? आणि सुटी चार-पाच पानं बेळगावात कुठं मिळतील, की कोल्हापूर गाठावं लागेल?

प्रतिसाद ३

चालू होते की नाही हे ड्रायव्हरवर आहे, एका पट्टीत कळेल. भिंगात कोट नुसता काळा दिसला तर झाली. पाकीट लहानातलं घ्या, सुटी पानं ओल धरतात. आणि फ्रेम करताना काच फोटोला चिकटू देऊ नका, मध्ये माउंट (जाड पुठ्ठ्याची चौकट) घाला. डायची शाई आहे, उन्हाच्या भिंतीवर टांगू नका.