हळदीच्या कागदाने आम्ल ओळखता येते का?

शेवंती:
माझा मुलगा सातवीत आहे. आम्ही घरी टिपकागदाच्या पट्ट्या हळदीच्या पाण्यात बुडवून वाळवल्या आणि त्यांचा दर्शक म्हणून उपयोग केला. साबणाच्या पाण्यात पट्टी तांबूस झाली, चुन्याच्या निवळीत गडद लाल झाली; परंतु लिंबाचा रस, व्हिनेगर आणि साधे पाणी या तिन्हींत ती पिवळीच राहिली. रंग बदलला नाही म्हणजे पदार्थ आम्ल, असे त्याने वहीत लिहिले आणि त्यामुळे साधे पाणीही आम्ल ठरले. हे चुकीचे आहे एवढे मला कळते, पण का चुकीचे ते नेमक्या शब्दांत सांगता येत नाही. शिवाय खायच्या सोड्याच्या पाण्यात पट्टी नुसती नारिंगीसर झाली. मग सोडा आम्लारी आहे की नाही?

परीक्षानळी:
शेवंतीताई, दर्शक हा पदार्थ आम्ल आहे की आम्लारी हे थेट सांगत नाही. द्रावणाचा सामू (pH, म्हणजे आम्लता मोजणारे माप: ७ च्या खाली आम्ल, ७ ला उदासीन, ७ च्या वर आम्लारी) त्या दर्शकाच्या स्वतःच्या सीमेच्या अलीकडे आहे की पलीकडे, एवढेच तो सांगतो, आणि ही सीमा प्रत्येक दर्शकाची वेगळी असते. मिथिल ऑरेंजचा रंग सामू ३.१ ते ४.४ या दरम्यान बदलतो, लिटमसचा साधारण ५ ते ८ या दरम्यान, तर हळदीतल्या कर्क्युमिनचा साधारण साडेसात ते साडेआठ या दरम्यान. लिंबाच्या रसाचा सामू २ ते २.५ असतो, व्हिनेगरचा ३ च्या आसपास आणि शुद्ध पाण्याचा ७. हे तिघेही हळदीच्या सीमेच्या अलीकडे असल्यामुळे हळदीला त्यांच्यातला फरक दिसतच नाही. चुन्याच्या निवळीचा सामू १२ च्या वर असल्यामुळे ती सीमेच्या बरीच पलीकडे आहे. सोड्याच्या द्रावणाचा सामू ८.३ च्या जवळपास, म्हणजे नेमका रंग बदलण्याच्या पट्ट्यात येतो, म्हणून तुम्हाला नारिंगी छटा दिसली.

हळदीनेच आम्ल ओळखायचे असेल तर पट्टी आधी निवळीने लाल करून घ्यावी आणि लगेच तिच्यावर एका जागी लिंबाच्या रसाचा व दुसऱ्या जागी पाण्याचा एकेकच थेंब टाकावा. पाणी भरपूर ओतले तर चुना धुऊन जाईल आणि पट्टी आम्लाशिवायही पिवळी पडेल. याहून चांगला उपाय म्हणजे लाल जास्वंदीच्या पाकळ्यांचे पाणी: ते आम्लात गडद गुलाबी आणि आम्लारीत हिरवट होते, त्यामुळे दोन्ही बाजू दिसतात. निवळी डोळ्यांत जाऊ देऊ नका.

जुना विद्यार्थी:
सोड्याबद्दल थोडी भर घालतो. रसायनशास्त्रज्ञ आर्‍हेनिअसच्या व्याख्येप्रमाणे पाण्यात हायड्रॉक्साइड आयन देतो तो आम्लारी. पण सोडियम बायकार्बोनेटच्या, म्हणजे खायच्या सोड्याच्या, किंवा अमोनियाच्या सूत्रात हायड्रॉक्साइड नाहीच. १९२३ साली ब्रॉन्स्टेड आणि लाउरी यांनी स्वतंत्रपणे मांडलेली व्याख्या इथे उपयोगी पडते: जो हायड्रोजन आयन देतो तो आम्ल, जो स्वीकारतो तो आम्लारी. बायकार्बोनेट लिंबाच्या रसाकडून हायड्रोजन आयन घेते आणि कार्बन डायऑक्साइड फसफसून बाहेर पडतो, म्हणून तिथे ते निःसंशय आम्लारी आहे. मात्र कॉस्टिक सोड्याला, म्हणजे सोडियम हायड्रॉक्साइड या तीव्र आम्लारीला, तेच बायकार्बोनेट हायड्रोजन आयन देते, म्हणजे समोर कोण आहे त्यावर त्याची भूमिका ठरते. मला हा रसायनशास्त्रातला फार सुंदर भाग वाटतो.

रंग फिका म्हणून पदार्थ कमी आहे, असेही मुलाने समजू नये. सारख्याच, म्हणजे ०.१ मोलार, संहतीच्या (एका लिटरमध्ये आम्लाचे प्रमाण सारखेच असलेल्या) हायड्रोक्लोरिक आम्लाचा सामू १ असतो आणि व्हिनेगरमधल्या अॅसेटिक आम्लाचा सुमारे २.९. सामूचे माप दहाच्या पटीत चालत असल्यामुळे त्यांच्या हायड्रोजन आयनांत जवळजवळ ऐंशी पटींचा फरक पडतो. तरीही सारख्या आकारमानाच्या दोन्ही द्रावणांच्या पूर्ण उदासिनीकरणाला कॉस्टिक सोडा तेवढाच लागतो.

अबोली:
उलट बाजूचीही एक सावधगिरी आहे: हळद लाल झाली म्हणजे तिथे आम्लारी असलेच पाहिजे, असे नाही. कुंकू करण्याच्या एका जुन्या पद्धतीत हळदीला टाकणखार (बोरॅक्स) आणि लिंबाचा रस लावतात. टाकणखारातले बोरॉन आम्लाच्या सान्निध्यात कर्क्युमिनशी जोडले जाऊन वेगळेच लाल संयुग तयार होते. चुन्याने आलेली लाली लिंबाने जाते. ही लाली मात्र लिंबाच्याच मदतीने येते.

शब्दाचाही घोळ टाळावा. बोलताना आपण पापडखारासारख्या अल्कधर्मी पदार्थाला खार किंवा क्षार म्हणतो, पण शालेय पुस्तकात आम्ल व आम्लारी यांच्या अभिक्रियेतून पाण्याबरोबर जे तयार होते, ते क्षार.

शेवंती:
सर्वांचे मनापासून आभार. आज लाल पट्टीवर दोन थेंब टाकले. लिंबाच्या जागी स्वच्छ पिवळा ठिपका उमटला, पाण्याच्या जागी लाल रंग तसाच राहिला. वहीतली ओळ मुलाने स्वतःच खोडली आणि तिथे लिहिले, ‘पट्टी पिवळी राहिली, म्हणून सामू साडेआठच्या वर नाही, पुढचे जास्वंदीने पाहणे.’