नातं नसतानाही होतं
पोटातल्या बाळाच्या मेंदूत रक्तस्राव झाला, तर ‘मामाची पोरगी केली की असंच होणार’ असं लोक म्हणतात, ते अर्धंच खरं. रक्त गोठवणाऱ्या ‘फॅक्टर १३’ या प्रथिनाची कमतरता तशी आई-वडील दोघांकडून येते, म्हणून नात्यातल्या लग्नात जास्त दिसते. पण आमच्या परभणीच्या वहिनीचं नातं ना गोतं. सातव्या महिन्याच्या सोनोग्राफीत बाळाच्या मेंदूत रक्तस्राव दिसला आणि घरात ‘ग्रहणात भाजी चिरली’ सुरू झालं. फार सोसलं तिनं.

जनुक तपासणीत सीओएल४ए१ या जनुकात दोष निघाला, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या अस्तरातलं कोलॅजनच कच्चं. आई-वडिलांकडून आलेल्या या जनुकाच्या दोन प्रतींपैकी एक बिघडली तरी पुरते. तोच दोष दादातही सापडला, ज्याचं कधी डोकंसुद्धा दुखलं नाही! म्हणून आई-वडील दोघांचीही तपासणी कराच. एकात असला तर पुढच्या प्रत्येक बाळात उतरायची शक्यता ५० टक्के.