साडेतीनशे वर्षांनंतरही गोरे आफ्रिकेत पाहुणेच?

रानोमाळ (धागाकर्ता)

मे २०२५ मध्ये गोऱ्या दक्षिण आफ्रिकनांची पहिली तुकडी 'निर्वासित' म्हणून अमेरिकेत उतरली, तेव्हा आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं लिहिलं, "गेले एकदाचे आपल्या घरी." माझी तिथंच सटकली. अमेरिका त्यांचं घर कधीपासून झालं?

नोकरीपायी मी प्रिटोरियात तीन वर्षं काढली. एका गोऱ्या सहकाऱ्याच्या वडिलांची फ्री स्टेट प्रांतात मक्याची शेती. एका शनिवारी तिथं 'ब्राय' होता, म्हणजे अंगणात लाकडं पेटवून मांस भाजायचं आणि चार तास गप्पा हाणायच्या. (माझ्यासारख्या शाकाहारी प्राण्याला चीझ-कांद्याचं सँडविच निखाऱ्यावर भाजून मिळतं. ते अप्रतिम लागतं.) म्हाताऱ्याला सहज विचारलं, "तुम्ही मूळचे हॉलंडचे ना?" तो काही न बोलता उठला आणि मला घरामागं घेऊन गेला. दगडी कुंपणात पाच पिढ्यांच्या कबरी. एका शिळेवर चार मुलांची नावं होती, साल १९०१. ती मुलं तिथं पुरलेली नाहीत. बोअर युद्धात (बोअर म्हणजे हेच डच वंशाचे गोरे शेतकरी) इंग्रजांनी त्यांची शेतं जाळली आणि बायका-मुलं छावण्यांत कोंडली. तिथं २६ हजारांवर जीव गेले, बहुतेक मुलंच. ही चौघं ब्लूमफाँटेनच्या छावणीत गेली. मग म्हातारा म्हणाला, "हॉलंडला जायचं तर मलाही शेंगेन व्हिसा काढावा लागतो. तुझ्यासारखाच."

यान फान रीबेक डच कंपनीची जहाजं घेऊन केपला आला १६५२ साली. १७०७ मध्ये स्टेलनबॉशला दारू पिऊन दंगा करणारा हेंड्रिक बीबॉ नावाचा पोरगा मॅजिस्ट्रेटच्या तोंडावर ओरडला, "मी आफ्रिकांडर आहे!" म्हणजे इथलाच, आफ्रिकेचा. आजचा 'आफ्रिकानर' हा शब्द तोच. त्यांची आफ्रिकान्स भाषा घडली ती तिथल्याच मातीत. तिच्यात 'खूप'साठी 'बाया' आणि केळ्यासाठी 'पीसांग' हे मलाय शब्द आहेत. ॲमस्टरडॅमच्या बाजारात या माणसाला परकाच समजतील.

जमीन कुणी कशी बळकावली, त्याचा हिशोब व्हायलाच हवा. पण माणूस कुठला, हा प्रश्न त्यापेक्षा वेगळा आहे. माझ्या मते हे लोक आफ्रिकनच आहेत. तुम्हाला काय वाटतं?

खवचट_आजोबा

१९०१ वरून आठवलं. त्याच साली ॲमस्टरडॅममध्ये एक बाळ जन्मलं आणि दोन वर्षांचं असताना आई-बापांबरोबर आफ्रिकेत आलं. हेंड्रिक फरवूर्ट त्याचं नाव. पुढं पंतप्रधान होऊन यानंच वर्णभेदाची सगळी इमारत पक्की केली. शेकडो पिढ्या तिथं राहिलेल्या काळ्या माणसाला खिशात पास, म्हणजे फिरायचा परवाना, बाळगायला लावणारा स्वतः हॉलंडचा!

आणि त्या काळी बागेतल्या बाकांवर इंग्रजीत काय लिहिलेलं असे? 'युरोपियन्स ओन्ली'. बाकावर बसताना युरोपियन, आणि १९९४ ला सत्ता गेल्यावर "आम्ही इथलेच हो"! सोयीचं सोयरं म्हणतात ते हेच. एकदा तुमच्या बीबॉलाच विचारा, बाकावर बसणार की उभा राहणार.

रानोमाळ

आजोबा, बाकाचा मुद्दा बिनतोड. पण त्याच बाकावर आफ्रिकान्समध्ये 'ब्लँकेस' म्हणजे नुसतं 'गोरे' असायचं, कारण स्वतःला 'आफ्रिकानर' म्हणवणारा माणूस त्या भाषेत स्वतःला युरोपियन म्हणेना. गोंधळ त्यांच्या डोक्यातच होता, एवढंच मला म्हणायचंय. शिवाय वकील ब्राम फिशर कुठल्या खात्यात टाकाल? त्याचे आजोबा ऑरेंज रिव्हर कॉलनीचे (आजचं फ्री स्टेट) पंतप्रधान, घराणं अस्सल आफ्रिकानर. त्यानं रिव्होनिया खटल्यात मंडेलांचा बचाव केला, पुढं स्वतः जन्मठेप भोगली.

एक_शून्य

चहा टाकलाय. चालू द्या.

नगरी_नग

अवांतर: बोअर युद्धातले कैदी इंग्रजांनी आमच्या नगरलाही आणून ठेवले होते. फ्री स्टेटचा शेतकरी तारेमागून आमची बाभळीची माळरानं बघत बसलाय, हे डोळ्यांपुढं आणा. त्याला ती घरच्यासारखी वाटली असतील का?

डर्बनची_माई

चौदा वर्षं इथं आहे म्हणून लिहिते. 'किती पिढ्या झाल्या' ही फूटपट्टी काढू नका, ती आपल्याच पाठीत बसते. गिरमिटियांचं, म्हणजे करारावर आणलेल्या भारतीय मजुरांचं, पहिलं जहाज डर्बनला लागलं १८६० साली. त्यांच्या वंशजांना इथल्या सरकारनं कायमचे रहिवासी मानलं १९६१ मध्ये! शंभर वर्षं 'परत पाठवायचे लोक' हाच शिक्का. युगांडात तर १९७२ ला इदी अमीननं नव्वद दिवसांत भारतीय वंशाच्या लोकांना हाकललं. आज गोऱ्यांना 'पाहुणे' म्हणायला टाळ्या वाजवाल, उद्या माझ्या शेजारच्या पिल्लेआजींना म्हणतील.

पण धागाकर्ते, भाषेचं तुम्ही अर्धंच सांगितलंत. ते 'बाया' आणि 'पीसांग' गोऱ्यांनी नाही आणले. ते आणले गुलामांनी, जावा-मलायातून, आणि बंगाल-मलबारातूनही आणलेल्या. केपच्या मदरशांत एकोणिसाव्या शतकात आफ्रिकान्स अरबी लिपीत लिहीत. आजही ही भाषा बोलणाऱ्यांत गोऱ्यांपेक्षा इतर जास्त. गोऱ्यांनी ती १९२५ साली राजभाषा केली, १९७६ ला सोवेटो या काळ्यांच्या वस्तीतल्या शाळकरी पोरांवर लादायला निघाले, पोरं रस्त्यावर आली आणि गोळ्या चालल्या. भाषा स्वयंपाकघरात जन्मली आणि दिवाणखान्यातल्यांनी तिच्यावर आपलं नाव घातलं.

काळा_घोडा

तुम्ही सगळे दक्षिण आफ्रिकेतच अडकलात. झांबियाचे गाय स्कॉट बघा. जन्म तिथल्याच लिव्हिंगस्टन शहरातला, गोरे, तेव्हाचे उपराष्ट्राध्यक्ष. ऑक्टोबर २०१४ मध्ये राष्ट्राध्यक्ष साटा वारले आणि हे हंगामी राष्ट्राध्यक्ष झाले. पण निवडणूक लढवता येईना, कारण आई-वडील झांबियात जन्मलेले नव्हते! म्हणजे देश तीन महिने सांभाळायला चालतो, कायमचा नाही. (मूळ कलम गोऱ्यांसाठी नव्हतंच, माजी राष्ट्राध्यक्ष कौंडांना अडवायला घातलं होतं. राजकारण सगळीकडे सारखंच.)

झिंबाब्वेत २००० नंतर गोऱ्यांची शेतं काढून घेतली. तिथलीच जलतरणपटू कर्स्टी कॉव्हेंट्री २००४ ला अथेन्सहून पदकं घेऊन आली, तेव्हा तिचं स्वागत देशाच्या लेकीसारखं झालं. ती आता आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीची अध्यक्ष आहे. कोण आपलं हे शेवटी पदक बघून ठरतं की काय?

सातबारा

धागाकर्ते, "जमिनीचा हिशोब वेगळा, माणूस वेगळा" हे वाक्य फक्त ज्याच्या नावावर सातबारा आहे तोच म्हणू शकतो. १९१३ च्या कायद्यानं काळ्यांना जमीन घ्यायला देशाचा सुमारे ७ टक्के भाग ठेवला. १९३६ मध्ये तो १३ च्या आसपास नेला. २०१७ ची सरकारी पाहणी सांगते की व्यक्तींच्या मालकीच्या शेतजमिनीत ७२ टक्के गोऱ्यांकडे आहे, आणि लोकसंख्येत गोरे आहेत दहा टक्क्यांहून कमी. माणूस मातीतला म्हणायचं आणि मातीचा विषय बाजूला ठेवायचा, हे कसं जमतं? बोअर युद्धातल्या छावण्यांचंही तेच. काळ्यांसाठी वेगळ्या छावण्या होत्या, तिथंही हजारोंनी मेले. ते तुमच्या पोस्टमध्ये नाहीत.

एक साधा प्रश्न. त्या शेतावर पिढ्यानपिढ्या राबले, त्यांच्या कबरी कुठं होत्या?

रानोमाळ

दोन दिवस उत्तर द्यायचं टाळलं. होत्या. दगडी कुंपणापलीकडे, मक्याच्या कडेला. नुसत्या दगडांच्या राशी, नावं नाहीत. एका राशीवर निळ्या काठाचा एनॅमलचा मग पालथा ठेवलेला होता. म्हाताऱ्याला विचारलं तर म्हणाला, "कामकऱ्यांच्या आहेत. येतात ते अधूनमधून, कायद्यानं येऊ द्यावं लागतं." १९९७ चा कायदा आहे तसा, शेतावर राहणाऱ्यांना आपल्या माणसांच्या कबरीपाशी जाण्याचा हक्क देणारा. मी फोटो काढले ते कुंपणाच्या आतले.

तो आफ्रिकन आहे, हे माझं मत अजून बदललेलं नाही. पण धागा लिहिताना तो मग गाळला, हे खरं.

सातबारा

तो मग गाळलात तिथंच तुमचं मत फसलं. बाकी उद्या लिहितो, बॅटरी संपत आली.

एक_शून्य

चहा गार झाला.