२२५ एचपी असून वेग ५७ वरच अडतो: २५ पिचचा पंखा लावावा का?

वल्हेकरी: १८ फुटी व्ही-तळाची बोट, इंजिन, इंधन, माणसं धरून १,८०० पौंड. कपॅसिटी प्लेटवर (बोटीला किती ताकद चालते ते सांगणारी पट्टी) कमाल २२५ एचपी, मागे टांगलेलं आउटबोर्ड इंजिनही तेवढंच. गिअर रेशो १.८६ (पंख्याच्या एका फेरीला इंजिनाच्या १.८६ फेऱ्या), तीन पात्यांचा २३ पिचचा पंखा (न घसरता एका फेरीत २३ इंच पुढे जाणारा). फुल थ्रॉटलला ५,७५० आरपीएम, जीपीएसवर ताशी ५७ मैल. ५५ च्या पुढे बोट डावी-उजवीकडे डोलते. पिच वाढवू का?

खोलपाणी: आत्ता नको. आधी स्लिप काढा, म्हणजे पंखा पाण्यात किती टक्के घसरतो ते. आरपीएम गुणिले पिच, त्याला गिअर रेशो गुणिले १,०५६ ने भागा. न घसरता मिळाला असता तो वेग येतो ताशी ६७.३ मैल. मिळतात ५७, म्हणजे १५ टक्के स्लिप. वेगवान तळाला ती दहाच्या आत हवी. पिच इंचभर वाढली की १५० ते २०० आरपीएम उतरतात, त्यामुळे २५ लावलात तर इंजिन गुदमरेल आणि मूळ दोष तसाच राहील. या वजनाला २२५ एचपी भरपूर आहे. अँटी-व्हेंटिलेशन प्लेट (पंख्याच्या वरची आडवी पट्टी) बोटीच्या तळाच्या रेषेपासून कुठे आहे?

वल्हेकरी: एक इंच खाली. जॅक प्लेट (इंजिन वर-खाली करणारी चौकट) आहे, सेटबॅक, म्हणजे इंजिन बोटीपासून मागे सरकलेलं अंतर, ६ इंच.

खोलपाणी: मग वेग तिथेच जातोय. ट्रान्समच्या (बोटीच्या मागच्या भिंतीच्या) मागे पाणी वर चढतं, म्हणून सेटबॅक असताना प्लेट तळाच्या वर चालते. तुमचा गिअरकेस (इंजिनाचा पाण्यातला खालचा भाग) उगाच खोल ओढला जातोय. इंजिन पाव-पाव इंच उचला. दर वेळी इंधन आणि वजन तेवढंच ठेवा, दोन्ही दिशांनी धावा आणि आरपीएम, वेग, इंजिन थंड ठेवणाऱ्या पाण्याचा दाब लिहून घ्या. आरपीएम चढला पण वेग थांबला, की एक पायरी खाली या. दाब पडला तर लगेच थांबा, इंजिन तापून जाईल. साध्या गिअरकेसची पाणी घेण्याची भोकं बाजूला असतात, त्यामुळे फार वर नेलं की ती हवा ओढतात. उंची ठरल्यावरच पंख्याकडे वळा. नाळ (बोटीचं पुढचं टोक) उचलणारा, जास्त रेकचा (पाती मागे झुकलेला) स्टीलचा पंखा बघा.

पाठीचा कणा: डोलण्याकडे दुर्लक्ष करू नका, त्याआधी वेग वाढवूच नका. स्टिअरिंग चाक कुणाला घट्ट धरायला सांगा आणि इंजिनाचा स्केग (सगळ्यात खालचा पातळ कल्ला) हाताने हलवा. खेळ जाणवला तर स्टिअरिंगची केबल, टिलर-बोल्ट (स्टिअरिंग इंजिनाला जोडणारा), इंजिनाचे माउंट तपासा. या ताकदीला हायड्रॉलिक स्टिअरिंगच हवं. डोलणं सुरू झालं तर ट्रिम (इंजिनाचा कल) थोडा आत घ्या आणि थ्रॉटल हळूहळू सोडा, एकदम नाही. नाळ आपटून बोट फिरू शकते. किल-स्विचची (ओढली की इंजिन बंद करणारी) दोरी प्रत्येक चाचणीत अंगाला बांधलेली हवी.