मदत हवी आहे: रात्री काही न खाता आईची सकाळची साखर वाढते कशी?

नमस्कार मंडळी,

प्रश्न थोडा तब्येतीचा आणि थोडा घरातल्या भांडणाचा आहे.

आई ६३ वर्षांची. सहा वर्षं झाली, शुगर आहे. गोळी फक्त मेटफॉर्मिन, दोन वेळा. आठवडाभर घरच्या मशीनवर मोजतोय. रात्री साडेसातला अर्धी भाकरी, मेथीची भाजी, वाटीभर ताक. साडेदहाला झोपताना १२८. सकाळी सहाला, चहाच्या आधी, १७१! दुसऱ्या दिवशी १२४ आणि १६८. रोज हेच.

बाबांचं म्हणणं, ही रात्री उठून लाडू खाते. आई देवाशपथ नाही म्हणते. खरं सांगते, मलाही बाबांचंच पटलं होतं. परवा मी लाडवाच्या डब्याला चिकटपट्टी लावून ठेवली. सकाळी पट्टी जशीच्या तशी आणि साखर १७३. पट्टी आईने पाहिली. तेव्हापासून माझ्याशी धड बोलत नाहीये.

पोटात काही गेलंच नाही तर साखर येते कुठून? मशीनची बॅटरी बदलली, माझी साखर मोजली तर ९२. डॉक्टरांची वेळ सोमवारची मिळाली आहे.

प्रतिसाद, गवती चहा:
सेम आमच्या सासूबाई! दालचिनीचं पाणी द्या, फरक पडतो.

प्रतिसाद, अर्धी भाकरी:
दालचिनी राहू दे, आई खरं बोलतेय. (मी फिजिऑलॉजी शिकवते, रुग्ण तपासत नाही.)

साखर येते यकृतातून. माणसाच्या सगळ्या रक्तात मिळून जेमतेम चार-पाच ग्रॅम ग्लुकोज असतं, म्हणजे चहाचा एक चमचा. एकट्या मेंदूला दिवसाला सव्वाशे ग्रॅमच्या आसपास लागतं, आणि तो झोपेतही जेवतो. मग रात्रभर कोणीतरी वाढत राहायला नको का? यकृत आधी साठवलेलं ग्लायकोजेन (ग्लुकोजचाच साठा) मोडतं, शिवाय नवं ग्लुकोजही बनवतं.

पहाटे तीन-चारनंतर कॉर्टिसॉल, ग्रोथ हार्मोन वगैरे जोर धरतात. अंग उठायच्या तयारीला लागतं आणि यकृत हात सैल सोडतं. तुमचं स्वादुपिंड त्याच वेळी थोडं जास्त इन्सुलिन सोडून हिशेब जुळवतं, म्हणून तुमचे ९२. आईचं इन्सुलिन कमी पडतं, किंवा यकृत त्याला जुमानत नाही. याला डॉन फिनॉमेनन म्हणतात.

हा संशय जुना आहे बरं. फ्रान्समध्ये क्लोद बर्नार या फिजिऑलॉजीच्या संशोधकांनी १८४८च्या सुमारास कुत्र्याला नुसतं मांस खायला घातलं, तरी यकृतातून निघणाऱ्या रक्तात साखर सापडली. पुढे त्यांनी काढलेलं यकृत पाण्याने धुऊन धुऊन साखर घालवली आणि ते तसंच ठेवून दिलं. दुसऱ्या दिवशी त्यात परत साखर! तिथे तर लाडवाचा डबाही नव्हता.

एक करा, पहाटे तीनला मोजा. ७०च्या खाली गेली असेल तर मामला वेगळा, सोमवारची वाट न बघता डॉक्टरांना फोन करा. इन्सुलिन किंवा ग्लिमेपिराइड (इन्सुलिन वाढवणारी गोळी) घेणाऱ्यांत तसं होऊ शकतं, नुसत्या मेटफॉर्मिनवर सहसा नाही. आणि आकडे बघून गोळीची मात्रा आपल्या मनाने बदलू नका.

धागाकर्ती:
गजर लावून मोजली. तीनला ११९, पाचला १४६, सहाला १६९. आईने प्रत्येक वेळी डोळे न उघडता पांघरुणातून बोट बाहेर काढलं. बाबांना वही दाखवली, तर आता म्हणतात मशीनच बिघडलंय.

सोमवारी नेमकं काय विचारू? नुसत्या उपाशीपोटीच्या आकड्यावर औषध वाढवतात की तीन महिन्यांची सरासरीही बघतात? रात्री जेवणानंतर शतपावली वाढवून कोणाचा सकाळचा आकडा उतरलाय का?

चिकटपट्टी काढली. आई अजून हं-हूंच्या पुढे बोलत नाही. त्यावर काही उपाय असेल तर तोही सांगा.