मदत हवी आहे : प्रवाळाच्या दोन पाहण्यांत ९ टक्क्यांचा फरक, खरा की मोजणीतला?

प्रश्न
एकाच प्रवाळभित्तीची सहा महिन्यांच्या अंतराने दोनदा पाहणी झाली. खोली ६ मीटर. टेपवर २० मीटरचे चार तुकडे, मध्ये ५ मीटर मोकळे, दर ५० सेंटीमीटरला टेपखाली जे असेल त्याची नोंद. पहिल्या खेपेला १६० पैकी ६४ बिंदू जिवंत कठीण प्रवाळ (४० टक्के), दुसऱ्या खेपेला ५० (३१ टक्के). दुसऱ्या वेळी बऱ्याच वसाहती पांढऱ्या होत्या, त्या ‘मृत’ धरल्या. टेप दोन्ही वेळा अंदाजाने टाकली. ऱ्हास झाला असे कळवावे का?

प्रतिसाद १
एवढ्यावरून नको. १६० बिंदूंवर ४० टक्क्यांचा आकडा नुसत्या योगायोगाने ७-८ टक्के इकडेतिकडे होतो. दोन पाहण्यांच्या फरकात तर १० टक्केसुद्धा. प्रत्यक्षात चूक आणखी मोठी, कारण एकाच मोठ्या वसाहतीवर लागोपाठ तीन-चार बिंदू पडतात.

पुढच्या वेळेसाठी कायमच्या खुणा करा. परवानगी घेऊन मृत खडकात दोन्ही टोकांना आणि मध्ये दर ५ मीटरला सळई ठोका, जिवंत प्रवाळात कधीच नाही. टेप ताणून, तळालगत. सैल टेप लाटेबरोबर झुलते आणि बिंदू भलत्याच वसाहतीवर जातो. नोंद घेताना बरोबर वरून बघा, तिरके बघितले की शेजारचे मोजले जाते.

प्रतिसाद २
खरी चूक पांढऱ्या वसाहतींत आहे. विरंजन झालेले (पांढरे पडलेले) प्रवाळ जिवंत असते, त्याने फक्त पेशींतले शैवाल गमावलेले असते. जवळून बघा: पारदर्शक ऊती आणि पॉलिप (वसाहतीतले इवले प्रवाळजीव) दिसले तर जिवंत. पॉलिप ज्यात बसतात त्या सांगाड्याच्या वाट्यांच्या कडा धारदार, उघड्या दिसल्या तर नुकतेच मेलेले. त्यावर थोड्याच दिवसांत हिरवट-तपकिरी शेवाळाचा थर चढतो. नोंदीत तीन रकाने हवेत: जिवंत, जिवंत पण पांढरे, नुकतेच मृत.

पांढरे म्हणजे विरंजनच असेही नाही. कडेपासून आत सरकलेला स्वच्छ पांढरा डाग असेल तर आसपासच्या कपारींत प्रवाळ खाणारा काटेरी मुकुटाचा तारामासा शोधा. फांद्यांच्या बुडाशी डाग असेल तर तिथे प्रवाळ खाणाऱ्या ड्रुपेला गोगलगायी दडलेल्या असू शकतात.

प्रश्नकर्ता
तळाचे फोटो आहेत. त्यावरून १० ‘मृत’ बिंदूंवर ऊती स्पष्ट दिसतात. बाकीचे जुने, शेवाळलेले.

प्रतिसाद २
मग जिवंत ६० बिंदू, म्हणजे ३७.५ टक्के. घट सिद्ध होत नाही. पण विरंजन चालू असल्याचे मात्र आजच कळवा, ते जास्त तातडीचे आहे. सोबत त्या जागेचे नोआचे (अमेरिकेची सागर-हवामान संस्था) उष्णताताणाचे आकडे जोडा (‘डिग्री हीटिंग वीक्स’, म्हणजे पाणी नेहमीच्या उन्हाळी कमाल तापमानापेक्षा किती अंश जास्त आणि किती आठवडे राहिले याचे एकत्रित माप): ४ ला लक्षणीय विरंजन अपेक्षित असते, ८ ला भित्तीभर विरंजन आणि उष्णतेला नाजूक प्रवाळांचा मृत्यू. मग दोन-तीन आठवड्यांनी त्याच वसाहती पुन्हा बघा. रंगतक्ता (प्रवाळाची छटा जुळवून बघण्याचा तक्ता) वापरत असाल तर प्रत्येक वसाहतीची सर्वांत गडद आणि सर्वांत फिकी अशा दोन्ही छटा लिहा. फांद्यांची टोके सोडा, वाढती टोके मुळातच फिकी असतात.